तांदळाचा डबा राहू दे, आधी बॅटरी काढा

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेसेज उघडून बसलो तर जवळजवळ सगळे पाण्याबद्दलच निघाले. कुणाचा फोन समुद्रात पडलाय, कुणाच्या लॅपटॉपवर सोलकढी सांडलीय, कुणाच्या घरात नदी शिरून गेलीय. चिपळूणच्या बाजारात माझं मोबाईल आणि लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान आहे, १८ वर्षं झाली, आणि पावसाळ्यात टेबलावर येणारे बहुतेक सेट पाण्यातलेच असतात. त्यातले कितीतरी वाचले असते, पहिल्या तासाभरात घरी जे केलं गेलं त्याने गेले. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि या वेळी फक्त पाण्याचीच उत्तरं देतोय.

प्रश्न: दादा नमस्कार. गेल्या रविवारी आम्ही गुहागरच्या समुद्रावर गेलो होतो. मुलगा पाण्यात उभा राहून व्हिडिओ काढत होता आणि लाट आली नि फोन हातातून सुटला. लगेच सापडला, मिनिटभर पण पाण्यात नसेल. बाहेर काढला तेव्हा चालू होता, त्याने मित्रांना मेसेज पण केले. घरी येऊन चार्जिंगला लावला तर गरम व्हायला लागला, म्हणून काढून दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. आता पूर्ण डेड आहे, दुकानदार म्हणतो बोर्ड गेला. पण फोन वॉटरप्रूफ म्हणून घेतला होता आणि पाण्यातून काढल्यावर चालत होता, मग गेला कसा? त्यात माझ्या सासूबाईंचे शेवटचे फोटो आहेत, ते तरी मिळतील का?
– एक आई, शृंगारतळी

उत्तर: ताई, आधी फोटोंचं बोलतो, तुमचा जीव त्यात अडकलाय हे पत्रावरून कळतंय. आजच्या आज एक करा, फोनमधलं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला म्हणजे ओटीपी यायला लागतील, आणि मुलाचं जे गुगल अकाउंट होतं ते त्या दुसऱ्या फोनवर लॉगिन करून गुगल फोटोज उघडून बघा. पुष्कळदा बॅकअप चालू असतो आणि घरात कुणाला माहीतच नसतं, माझ्या दुकानात डोळ्यात पाणी घेऊन आलेल्या माणसांना असे फोटो मिळालेले मी बघितलेत. व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवले असतील तर त्या नातेवाईकांना विचारा. आणि फोनमध्ये मेमरी कार्ड असेल आणि फोटो त्यावर साठवलेले असतील तर फार काळजी करू नका, कार्ड सहसा पाण्याने मरत नाही, गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, एक दिवस वाळू द्यायचं आणि कार्ड रीडरमध्ये घालून बघायचं.

यातलं काहीच जमलं नाही तर बोर्डवर, म्हणजे फोनच्या आतल्या मुख्य सर्किटवर, काम करावं लागेल. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे कुणी फसवणार नाही. पूर्वीच्या फोनमध्ये स्टोरेजची आयसी (चिप) काढून मशीनवर लावली की फोटो निघायचे. आताच्या फोनमध्ये सगळा डेटा कुलूप लावलेला असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डवरच्या प्रोसेसरमध्ये असते, त्यामुळे ‘आयसी काढून फोटो देतो’ असं नव्या फोनबद्दल कुणी म्हणालं तर तिथे फोन देऊ नका. तोच प्रोसेसर, तीच स्टोरेज आणि बोर्ड एकदा तरी चालू व्हायला हवा, मग दहा मिनिटं का होईना. म्हणून दुरुस्तीवाल्याकडे जाताना सरळ सांगा की फोन वापरायला नको, एकदा चालू करून डेटा तेवढा काढून द्या. असं सांगितलं की कामाची पद्धत बदलते, डिस्प्ले, स्पीकर, कॅमेरा यांच्यामागे न लागता तो फक्त शॉर्ट झालेली लाईन शोधतो. मायक्रोस्कोप आणि अल्ट्रासॉनिक क्लीनर असलेलं दुकान बघा, रत्नागिरी-चिपळुणात नाही मिळालं तर पुण्या-मुंबईत नक्की मिळेल, आणि तोपर्यंत ‘बघू या चालू होतोय का’ म्हणून एकदाही चार्जर लावू नका.

आता गेला कसा ते. ताई, नुसत्या पाण्याने फोन एवढ्या लवकर मरत नाही हो, पाणी आत असताना जो करंट फिरत राहतो त्याने मरतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि मिठाच्या पाण्यातून करंट अगदी सहज जातो. फोनची बॅटरी चार व्होल्टच्या आसपासची, दिसायला किरकोळ, पण पाण्याचं विघटन व्हायला सव्वा व्होल्ट पण पुरतो. म्हणजे बोर्डवर खारं पाणी आणि बॅटरी जोडलेली असली की शाळेत प्रयोगशाळेत बघितलेला तो दोन तारांचा प्रयोग आतमध्ये चालू होतो, एका पिनवरचं तांबं विरघळतं आणि बाजूच्या पिनपर्यंत जाऊन बसतं. दुकानात बोर्ड उघडला की जो हिरवा-निळा थर दिसतो ना तो हाच. मुलगा मित्रांना मेसेज करत होता त्या वेळी हे आत चालूच होतं, आणि चार्जर लावल्यावर तर बाहेरून आणखी करंट मिळाला. फोन गरम झाला तेव्हाच तो शॉर्ट होता.

आणि लोकांना वाटतं फोन स्विच ऑफ केला म्हणजे झालं. तसं नाही, स्विच ऑफ केला तरी बॅटरी बोर्डला जोडलेलीच असते, काही लाईनींवर करंट असतोच, तो पॉवर बटणाची वाट बघत बसलेला असतो. म्हणून खाऱ्या पाण्यातला फोन बंद करून घरी ठेवून देण्यात अर्थ नाही, तो उघडून बॅटरीचा कनेक्टर सुटला पाहिजे, आणि हे काम दुकानातच, कारण मागचं कव्हर गोंदाने चिकटवलेलं असतं आणि घरी चाकू घालून उघडायला गेलं की बॅटरीला भोक पडून आग लागू शकते.

वॉटरप्रूफचं पण सांगतो. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आयपी ६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी ठरवते. पण ही टेस्ट नव्या फोनवर, स्थिर, गोड्या पाण्यात होते. गुहागरची लाट स्थिर नसते आणि तिच्यात वाळू असते. शिवाय आतलं रबर आणि गोंद जुना होतो, फोन एकदा पडून कडा किंचित उघडली किंवा एकदा डिस्प्ले बदलला की ते सील पहिल्यासारखं राहत नाही. बहुतेक कंपन्या पाण्याने बिघडलेला फोन वॉरंटीत घेत नाहीत, पुष्कळ फोनमध्ये सिमच्या खाचेत आत एक छोटं पांढरं स्टिकर असतं ते पाणी लागलं की लाल होतं आणि सर्व्हिस सेंटरवाला टॉर्च मारून पहिलं तेच बघतो.

राहिले तांदूळ. तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही, आख्खं कोकण हेच करतं आणि प्रेमाने करतं. पण तांदूळ बोर्डच्या पत्र्याखालचं आणि आयसीखालचं पाणी ओढून घेत नाहीत, उलट कोंडा आणि पिठूळ चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतं. ॲपलने तर २०२४ मध्ये आपल्या सूचनेत स्पष्ट लिहिलं की फोन तांदळात ठेवू नका. आणि समजा तांदळाने सगळं पाणी शोषलं, तरी मीठ कुठे जाणार? पाणी उडून गेलं की मीठ तिथेच राहतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते पुन्हा ओलं होतं. दोन दिवस तांदळात म्हणजे मिठाला दोन दिवस मोकळीक दिल्यासारखं झालं.

पुढे कधी असं झालं, तुमच्या किंवा शेजारी कुणाच्या घरी, तर फोन लगेच बंद करायचा, चालतोय का ते बघत बसायचं नाही. सिम ट्रे बाहेर काढायचा, वरून घातलेलं कव्हर काढायचं, चार्जिंगची बाजू खाली धरून हलके झटकायचं, पुसायचं आणि तसाच दुकानात न्यायचा, दोन दिवसांनी नव्हे, त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात. दुकानात बॅटरी सोडवून बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात. हो, धुतात. पाण्यात पडलेला बोर्ड पुन्हा धुवायचा हे ऐकून माणसं घाबरतात, पण करंट तोडलेला असेल तर शुद्ध पाण्याने काही होत नाही, मीठ मात्र निघून जातं. हेअर ड्रायर, चुलीजवळ ठेवणं, इस्त्रीच्या कपड्यात गुंडाळणं यातलं काही करू नका, गरम हवेने डिस्प्लेचा गोंद सुटतो, बॅटरीला धोका आणि पाणी आणखी आत ढकललं जातं. विहिरीत किंवा बादलीत पडलेल्या फोनला थोडा जास्त वेळ मिळतो, पद्धत तीच.

एक धोक्याची गोष्ट. खाऱ्या पाण्यातून आलेल्या फोनची पाठ फुगली, गोडसर वास आला किंवा बंद असताना गरम लागला तर तो घरात ठेवू नका, बाहेर जांभ्याच्या पायरीवर किंवा अंगणात दगडावर, गवत-पेंढ्यापासून लांब ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा. गादीवर, उशीखाली, गाडीच्या डिकीत बिलकुल नको.

प्रश्न: आमची होडी हर्णेला असते. माझा कीपॅडचा साधा फोन परवा खाऱ्या पाण्यात पडला. आणि दुसरं, बोटीवरचा वायरलेस सेट आणि फिशफाईंडर दर वर्षी पावसाळी बंदी संपली की चालू करताना त्रास देतात, कनेक्टर हिरवे पडतात. काय करावं?
– एक मच्छीमार, हर्णे

उत्तर: भाऊ, साधा फोन हा सगळ्यात भाग्यवान, कारण त्याची बॅटरी बोटाने निघते. पाण्यातून काढल्या काढल्या, किनाऱ्यावर यायची पण वाट न बघता, मागचं झाकण उघडून बॅटरी काढायची. मग बोटीवरच्या प्यायच्या पाण्याने फोन बिनधास्त धुवायचा, बॅटरी सोडून. बॅटरी फक्त पुसायची. घरी आल्यावर डिस्टिल्ड वॉटर मिळालं तर त्याने एकदा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, गॅरेजवर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं. दोन दिवस पंख्याखाली, मग बॅटरी. अशा पद्धतीने समुद्रातले फोन चाललेले आहेत. मीठ सुकायच्या आत धुतलं पाहिजे एवढंच.

सेटचं म्हणाल तर बंदीच्या काळात तो बोटीवर ठेवूच नका. खारी हवा बंद सेटमध्ये पण जाते. बॅटरीचा मेन सोडवून सेट घरी आणा, बाहेरून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, सुकवा, आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या टबमध्ये ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, जाळ्यांच्या खोलीत मात्र नको, तिथे खार भरलेला असतो. कनेक्टर हिरवे पडले असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून जुन्या टूथब्रशने घासायचे, सुकल्यावर जोडायचे आणि जोडल्यानंतर बाहेरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यायचा म्हणजे खारं पाणी आत पोचत नाही. हिरवं खाली वायरमध्ये लांबपर्यंत गेलं असेल, वायर सोलून बघितली की कळतं, तर तेवढा तुकडा कापून नवीन चिमटा लावा, घासून ते जाणार नाही. खोल समुद्रात हाक मारायचं साधन आहे ते, त्यात काटकसर करू नका.

प्रश्न: सर, मी शिक्षिका आहे. जेवताना लॅपटॉपवर काम करत होते आणि सोलकढीचा अर्धा पेला कीबोर्डवर सांडला. लगेच टिश्यूने पुसलं, चालू होता म्हणून काम पूर्ण केलं, निकालपत्रकं द्यायची होती. तिसऱ्या दिवसापासून काही बटणं दाबली जात नाहीत आणि एक अक्षर आपोआप टाईप होत राहतं. आता वाळलंय ना सगळं, मग असं का? उन्हात ठेवू का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर: बाई, उन्हात ठेवू नका आणि हे वाचत असाल तेव्हा लॅपटॉप चालू असेल तर आधी बंद करा, चार्जर काढा. निकालपत्रकांची फाईल अजून कुठे पाठवलेली नसेल तर एकदा पेन ड्राईव्हवर घ्या आणि मग बंद करा, एवढी सूट देतो.

सोलकढी साध्या पाण्यापेक्षा वाईट, तिच्यात तिन्ही गोष्टी आहेत. आमसुलाचं किंवा आगळाचं आंबट म्हणजे आम्ल, वर मीठ, आणि नारळाच्या रसातला तेलाचा अंश. पाणी उडून जातं, हे तिन्ही राहतात. नारळाचं तेल बटणांच्या खाली चिकटून बसतं आणि त्याच्या आत मीठ आणि आंबट धरून ठेवतं, म्हणून वरून कोरडं दिसतं आणि खाली काम चालूच. चहा-कॉफीचं पण तेच होतं, फक्त तिथे साखर चिकटते.

तुमच्या वर्णनावरून कीबोर्ड गेलाय. बहुतेक लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये पातळ प्लास्टिकचे थर एकावर एक असतात आणि त्यावर छापलेल्या लाईनी असतात, त्यांच्यामध्ये द्रव शिरला की तो धुवून नीट निघत नाही, बदलणं स्वस्त पडतं. पण कीबोर्ड बदलून खूश होऊ नका, खाली मदरबोर्डवर किती उतरलंय ते बघायला सांगा. तिथे बॅटरी काढून बोर्ड ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने साफ करायला हवा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं घेऊ नये, त्यात बाकीचं पाणीच असतं. हे काम घरी करायचं ठरवलंच तर खिडक्या उघड्या आणि गॅस, उदबत्ती, समई सगळं बंद, कारण ते लगेच पेट घेतं.

एक जागा खास सांगून ठेवा तुमच्या माणसाला, डिस्प्लेचा कनेक्टर. त्यात बॅकलाईटची, म्हणजे स्क्रीनमागच्या उजेडाची लाईन जास्त व्होल्टची असते आणि अगदी शेजारी नाजूक सिग्नलच्या पिना असतात, जरासा ओलावा राहिला आणि चालू केला की ती लाईन शेजारच्या पिनवर उडी मारते आणि मग थेट प्रोसेसरपर्यंत नुकसान. चांगले चांगले बोर्ड मी असे गेलेले बघितलेत, कीबोर्ड बदलला, लॅपटॉप सुरू झाला, आठवड्याने स्क्रीन काळी.

पुढच्या वेळी सांडलंच तर, चार्जरची वायर आधी, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचं, फाईल सेव्ह करायच्या भानगडीत पडायचं नाही, अशा वेळी एक पान गेलं तर जाऊ दे. मग लॅपटॉप उघडून उलटा, टेबलाच्या कडेला स्क्रीन खाली लोंबेल आणि कीबोर्डची बाजू टॉवेलवर पालथी पडेल असा ठेवायचा, म्हणजे आलेलं आल्या वाटेने परत जातं. सरळ ठेवून पुसत बसलं तर पुसताना आपणच ते बटणांच्या फटीत दाबतो. तळाचे स्क्रू उघडता येत असतील तर बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, नाहीतर दुकान.

प्रश्न: आमच्याकडे जगबुडीचं पाणी घरात कमरेइतकं आलं होतं. फ्रीज, मिक्सर, टीव्ही, इन्व्हर्टर, विहिरीचा पंप, सगळं बुडालं. पाणी ओसरलंय. काय चालू करून बघू आणि काय टाकून देऊ?
– एक वाचक, खेड

उत्तर: दादा, सध्या काहीच चालू करून बघू नका. तुमचं पत्र वाचून मला २२ जुलै २०२१ ची सकाळ आठवली. वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारात शिरलं तेव्हा माझ्या दुकानाचं शटर पूर्ण पाण्याखाली होतं, आत गिऱ्हाइकांचे फोन, लॅपटॉप, दोन टीव्ही. पाणी उतरल्यावर बोटभर चिखल. त्या आठवड्यात मी आणि माझा मदतनीस बादल्यांमध्ये बोर्ड धूत बसलो होतो आणि जे वाचलं ते याचमुळे की ते सगळे बंद होते, बॅटऱ्या बाहेर होत्या. गिऱ्हाईक घरून जे चालू करून बघून आणायचे ते बहुतेक गेलेले असायचे.

सगळ्यात आधी जीव. मीटरजवळचा मेन स्विच बंद करा, पण हात-पाय कोरडे असतील आणि उभं राहायची जागा कोरडी असेल तरच, नाहीतर महावितरणच्या वायरमनला बोलवा. आणि इन्व्हर्टर विसरू नका. बाहेरची लाईट गेलेली असली तरी इन्व्हर्टर घराच्या वायरिंगमध्ये २३० व्होल्ट सोडतच असतो. त्याच्या बॅटरीच्या तारा इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्या, बॅटरीत पुराचं पाणी गेलं असेल तर तिच्यातलं ॲसिड बाहेर आलेलं असू शकतं, हातमोज्यांशिवाय उचलू नका.

मग फोटो. काही धुवायच्या, हलवायच्या आधी प्रत्येक वस्तूचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट, आणि वस्तूच्या मागच्या नंबरच्या पट्टीचे पण. तलाठ्याचा पंचनामा आणि विमा असेल तर त्याचा सर्व्हेअर, दोघांनाही लागतं. पंचनाम्याआधी काही फेकू नका.

आता एकेक वस्तू. मिक्सर आणि विहिरीचा पंप वाचायची शक्यता चांगली. त्या मोटर आहेत, तांब्याच्या वाइंडिंगवर वॉर्निशचा थर असतो. चिखल सुकायच्या आत गोड्या पाण्याने धुवून काढायचा, मग मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायची, तो भट्टीत सुकवतो आणि मेगरने, म्हणजे करंट गळतोय का ते मोजणाऱ्या मीटरने, इन्सुलेशन तपासतो, १ मेगाओहमच्या खाली असेल तर पुन्हा सुकवायला लागते. बेअरिंग बदला म्हणाला तर बदला, गाळ गेलेला असतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, तो सहसा ठीक राहतो, पण त्याचा रिले, थर्मोस्टॅट, आणि नवीन फ्रीजमधला बोर्ड बघून घ्यावा लागतो, आणि पत्र्याच्या आतल्या फोममध्ये पुराचं पाणी बसलं असेल तर त्या फ्रीजमध्ये खाण्याचं ठेवायचं की नाही याचा विचार करा, माझ्या मते ठेवू नये. टीव्हीचा पॅनल बुडला असेल तर आशा कमी, थरांमध्ये पाणी शिरून डाग राहतात, नुसता खालचा बोर्ड भिजला असेल तर बोर्ड धुवून बघता येतो. टीव्ही घरी उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही चार्ज राहतो.

कॉम्प्युटर असेल आणि त्यातल्या हार्ड डिस्कवर दुकानाचे हिशोब किंवा मुलांच्या लहानपणाचे व्हिडिओ असतील तर हार्ड डिस्क उघडू नका, वाळवू पण नका. गाळ आत सुकला की चकत्यांवर चिकटतो. ओलसर असतानाच झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा.

प्लगपॉईंट आणि वायरिंग सुकायला दिवस लागतात, भिंती चिऱ्याच्या असतील तर आणखी जास्त. वायरमनने मेगर लावून पास केल्यावरच मेन चालू करा, आणि त्याच वेळी ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो क्षणात लाईट तोडतो. कोकणात दर घरात तो हवाच, मी प्रत्येकाच्या मागे लागतो यासाठी.

प्रश्न: फोन चार्जिंगला लावला की ‘मॉइश्चर डिटेक्टेड’ असा मेसेज येतो, पावसात रोजचंच झालंय. फोन पाण्यात पडलेला नाही. फुंकर मारतो, टाचणीने पुसतो, तरी जात नाही.
– एक होमस्टेवाले, मालवण

उत्तर: फुंकर बंद करा, आपल्या श्वासात वाफ असते आणि टाचणीने पिना वाकतात. तो मेसेज फोन स्वतःला वाचवण्यासाठी देतोय, तो दिसत असताना जबरदस्तीने चार्ज करू नका. चार्जिंगचं भोक खाली करून तळहातावर दोनचार वेळा आपटा आणि पंख्यासमोर अर्धा तास ठेवा, कधी कधी पूर्ण दिवस पण लागतो. घाई असेल आणि फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर मागची बाजू पुसून त्यावर लावा. रोज येत असेल तर मात्र ओलावा नाही, आत मीठ किंवा मळ बसलाय. समुद्राजवळ राहता, हवेतच मीठ आहे. फोन बंद करून मऊ ब्रशला थोडं आयसोप्रोपिल लावून साफ करा, केबलची पिन पण बघा, ती हिरवी किंवा काळी पडली असेल तर केबल बदला, कारण तीच केबल पुन्हा पुन्हा घाण आत नेते.

प्रश्न: माझे आजोबा ८४ वर्षांचे. कानाचं मशीन घालून गुरं बघायला गेले आणि जोराची सर आली, पूर्ण भिजून आले. मशीनमधून आता खरखर येते, मधेच बंद पडतं. ते म्हणतात राहू दे, आता ऐकायचं काय आहे. मी काय करू शकते?
– एक नात, राजापूर

उत्तर: बाळा, राहू देऊ नकोस. आधी बॅटरीचं छोटं दार उघड, बॅटरी काढ आणि ती टाकून दे. या बॅटऱ्या हवा घेऊन चालतात, त्यांच्या अंगावर बारीक भोकं असतात, भिजलेली परत वापरायची नाही. रिचार्जचं मशीन असेल तर बंद कर आणि चार्जरवर ठेवू नको. दार उघडंच राहू दे. कानात जाणारा साचा आणि नळी मशीनपासून सुटी होत असेल तर सुटी कर, नळीत पाण्याचा थेंब अडकलेला असेल तर बऱ्याचदा खरखर त्याचीच असते. तेवढा साचा कोमट साबणाच्या पाण्याने धुवून, नळी झटकून, रात्रभर वाळत ठेव. मशीन मात्र धुवायचं नाही.

मशीनसाठी एक काचेची छोटी बरणी घे, लोणच्याची नको, वास आणि खार राहतो. तळाला सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या, त्यावर सुती कापड आणि त्यावर मशीन, झाकण घट्ट. एक पूर्ण दिवस-रात्र. हेअर ड्रायर नाही, चुलीचा वैल नाही, देवघरातल्या समईजवळ नाही, आतला मायक्रोफोन गरमीने जातो. दुसऱ्या दिवशी नवीन बॅटरी घाल, तिचं स्टिकर काढून एक-दोन मिनिटं तशीच हवेत ठेव आणि मग बसव. आवाज स्वच्छ आला तर आलाच, नाही आला तर ज्या सेंटरमधून मशीन घेतलं तिथे ने आणि पावसात भिजलंय हे लपवू नकोस, त्याप्रमाणे ते आतून साफ करतात. मायक्रोफोनचं जाळीचं टोक आणि कानातलं वॅक्सचं फिल्टर या छोट्या गोष्टी बदलून पण पुष्कळ मशीन पूर्ववत होतात.

सिलिका जेलच्या पुड्या पावसात महिन्याभरात भरून जातात. मण्यांचा रंग बदलणारं जेल मिळालं तर बरं, नारिंगी घे, ओलं झालं की हिरवट होतं, म्हणजे कळतं कधी बदलायचं. निळं घेऊ नको, त्यातला रंग हाताळायला चांगला नाही. आणि आजोबांना सांग की गुरांकडे जाताना मशीन बरणीत ठेवून जा, बैल काही बोलत नाहीत, पण संध्याकाळी पडवीत बसल्यावर ते कानात असू दे.